यंदा भोपळा नाही

२८ सप्टेंबर, रविवार

आणि वर आई मलाच म्हणते, तिकडे लांब बसून शहाणपण शिकवू नकोस. बसलेलो नाहीये मी. दिवसभर माणसं उचलतो.

आईचं यंदाही तेच. हॅलोवीनला पडवीचा दिवा लावायचा नाही, पॉपॉला नको आहे. पॉपॉ म्हणजे माझे आजोबा. शुगरने आधी एक पाय गेला, मग दुसरा, दोन्ही गुडघ्याखाली. पाय होते तोवर आमच्या गल्लीत हॅलोवीन म्हणजे आमची पडवी. हा माणूस जुना डगला घालायचा, तोंडावर गोणपाट ओढायचा आणि मांडीवर चॉकलेटचं घमेलं घेऊन खुर्चीत बुजगावण्यासारखा लुळा पडून राहायचा. सोंगं घेऊन दारोदार चॉकलेटं मागणारी पोरं दबकत यायची, खरा आहे की पेंढ्याचा म्हणून एकमेकांना पुढे ढकलायची. कोणी घमेल्यात हात घातला की बुजगावणं मनगट धरायचं. मग जी बोंब उठायची ती चर्चपर्यंत ऐकू जायची. आता दोन वर्षं झाली, पडवी काळी. दिवा बंद म्हणजे पायरी चढायची नाही, हे आमच्याकडे रांगणाऱ्या पोरालाही कळतं.

मी फोनवर म्हटलं, "त्यांच्या मांडीवर गोधडी टाक, पाय झाक, आणि खुर्ची पडवीत ढकल. कोणाला काय दिसतंय."

"तू येऊन टाक गोधडी. मी टाकली तेव्हा चमचा फेकून मारला मला."

"मग चॉकलेटचे पैसे पाठवत नाही मी. अंधारात काय कुत्र्यांना वाटायचं?"

"मागितले कोणी?" म्हणाली आणि फोन ठेवला.

चॉकलेटचे पैसे दर वर्षी मीच पाठवायचो. मासळीच्या कारखान्यात होतो तेव्हा पाठवले, तेलाच्या बोटीवर होतो तेव्हा पाठवले. पडवी बंद असली तरी पाठवले, मला वाटायचं पैसे गेले की दिवा लागेल. यंदा एक डॉलरही नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

आज कामावर मजा झाली.

आमचं घर म्हणजे अपंगांसाठी चालवलेलं घर, त्यात चार जण राहतात, चौघंही चाकांच्या खुर्चीवर. त्यांना उठवायचं, आंघोळ, जेवण, व्हॅनमधून कुठे जायचं असेल तिथे न्यायचं, हे माझं काम. मे महिन्यात एका पोरीच्या मागे मिसिसिपीहून इथे मिनेसोटात आलो. ती पुढे गेली, मी राहिलो. नववीतून शाळा सोडलेल्याला कोण ठेवतं, पण लिनेटने ठेवलं. लिनेट म्हणजे आमची मुकादमीण. तीन महिन्यांच्या वर मी कुठे टिकलेलो नाही, आणि इथे पाच झाले. माझं मलाच नवल वाटतं.

तर लिनेटने कपाटातून भगवी पोती काढली. चार. गावात ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी हॅलोवीनची मिरवणूक असते आणि आमचं घर दर वर्षी त्यात भोपळे म्हणून जातं. पोतं डोक्यावरून घातलं की माणूस खुर्चीसकट आत. वर टोपडं, त्याला डोळ्यांपुरत्या खाचा, शेंड्याला हिरवं देठ. बॅटरीची खुर्ची ज्या दांडीने चालवतात तीही आतच जाते, त्यामुळे कोणाला आपली खुर्ची चालवता येत नाही. आम्ही मागून ढकलायचं.

"दहा मिनिटांत चार भोपळे," लिनेट म्हणाली.

तेवढ्यात यंत्र बोललं, "नाही."

हे मिस मार्लिसचं यंत्र. मार्लिस ओडेगार्ड, वय अठ्ठावन्न. जन्मापासून हातपाय तिचं ऐकत नाहीत आणि तोंडातून शब्द नीट निघत नाही. खुर्चीला एक पाटी लावलेली आहे. त्यावर ती बोटाच्या मागच्या पेराने एकेक अक्षर दाबते, मग यंत्र बोलतं. शिवी असो की प्रार्थना, आवाज एकच. वाट पाहावी लागते. घाईचा माणूस तिच्याशी बोलूच शकत नाही. मी घाईचा आहे, पण तिच्याशी बोलतो.

"काय नाही, मार्लिस?"

"भोपळा. वीस वर्षं भोपळा."

"अगं, गोड दिसतेस."

"म्हणूनच नाही."

"मग काय व्हायचंय तुला?"

"नांगर."

नांगर म्हणजे इथे बर्फाचा. रस्त्यावरचा बर्फ ढकलणारी भगवी मोठी गाडी असते, पुढे हे एवढं वाकडं पातं. मिस मार्लिसचे वडील, आर्ने, जन्मभर ती चालवायचे. यंदा मार्चमध्ये गेले, मी यायच्या आधी. तिच्या उशाशी त्यांचा फोटो आहे, नांगराच्या पायरीवर उभे.

लिनेट हसली नाही, तेवढं तिचं मानलं. म्हणाली, "नांगराचा पोशाख मिळतो कुठे? मिळाला आणि नीट बसला तर घाल. नाहीतर भोपळा. पंचवीस तारखेला रस्त्यात उभं राहून मी वाद घालणार नाही."

"मी मिळवतो," मी म्हटलं.

"टेरेल, तू कशाला मध्ये पडतोस?"

"मला मिळाली नाही अशी वस्तू नाही."

नंतर मिस मार्लिसला भरवताना विचारलं, एवढं काय त्या भोपळ्याचं. तिने बराच वेळ अक्षरं दाबली. सूप गार झालं.

"मिरवणूक नांगरांच्या डेपोवरून जाते. बाबांची माणसं फाटकात उभी असतात. चार भोपळ्यांना हात करतात. आर्नेची मुलगी कोणती, त्यांना माहीत नाही. बाबाही चौघांना हात करायचे."

ऑफिसच्या वहीत मी लिहिलं, 'सूप अर्धं घेतलं.'

४ ऑक्टोबर, शनिवार

मिस मार्लिसला घेऊन हॅलोवीनच्या दुकानात गेलो. एरवी रिकामी असलेली जागा, दोन महिन्यांपुरतं दुकान. दारातच प्लास्टिकची भुतं. एक भूत आपोआप किंचाळलं तर मीच दचकलो, ती खूप हसली.

खुर्चीवाल्यांचे पोशाख एका कोपऱ्यात. चाकांभोवती लावायची जहाजं, राजकन्येचा रथ, आगीचा बंब. सगळे लहान पोरांच्या मापाचे. मोठ्या माणसाच्या खुर्चीला एकही नाही. जणू खुर्चीवरचं माणूस बाराव्या वर्षी उठून चालायला लागतं.

मोठ्यांचे साधे पोशाख बघितले. सगळ्यांना चेन पाठीत. बसलेल्या माणसाला पाठीतली चेन कशी लावायची? मग पुढून उघडणारा एक मिळाला, मधमाशीचा. दुकानातली पोरगी मला म्हणाली, "यांना मधमाशी आवडेल का?"

"त्यांना विचार," मी म्हटलं.

ती मिस मार्लिसच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाली, "मधमाशी आवडेल का?"

मिस मार्लिसने दाबायला सुरुवात केली. पोरगी ताटकळली, एकदा माझ्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. मी भुतांकडे बघत राहिलो. शेवटी यंत्र म्हणालं, "मला ऐकू येतं. ओरडू नको. भूत घाबरेल."

बिचारी लाल झाली. मग तिने आतून जुने पुठ्ठ्याचे मोठे खोके दिले, फुकट. म्हणाली, माझी आजी पण खुर्चीवर आहे, तिला आम्ही दर वर्षी चादर टाकून भूत करतो. मिस मार्लिस म्हणाली, "तिला विचारलं का?" 

परत येताना मी ठरवलं. मिळत नाही तर मीच बनवणार. बोटीवर मी पिंपं कापलेली आहेत, पाइप जोडलेले आहेत. हे काय मोठं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

पातं जमलं. आणि असं जमलं की मीच दोनदा गॅरेजमध्ये जाऊन बघून आलो.

गाड्या धुणाऱ्या दुकानातून साबणाचं रिकामं प्लास्टिकचं पिंप आणलं. उभं कापलं की अर्ध्याला बरोबर नांगराच्या पात्याचा बाक येतो. पुठ्ठ्याचं केलं असतं तर एका ओलाव्यात गेलं असतं. भगवा रंग मारला, खुर्चीच्या पुढच्या सळ्यांना केबल टायने बांधलं. मिस मार्लिसला दाखवलं.

"उजवीकडे," यंत्र म्हणालं.

"काय उजवीकडे?"

"पातं तिरकं असतं. गाडी रस्त्याच्या उजव्या कडेने जाते. बर्फ उजवीकडे पडतो. तू डावीकडे फेकतोस. समोरून येणाऱ्याच्या अंगावर."

मी म्हटलं, खेळातलं पातं, कोण बघतंय. ती म्हणाली, "डेपोतली माणसं." मी पुन्हा सोडून उजवीकडे फिरवून बांधलं.

मग तिची मापं घेतली. खांदा, कोपर, छाती. कॅब अशी करणार की शिंप्याने शिवल्यासारखी बसेल. पीव्हीसी पाइपचा सांगाडा, त्याला पुठ्ठ्याचे दरवाजे, वर टप, टपावर पिवळा लुकलुकता दिवा आणि आर्नेच्या गाडीचा नंबर, सात. छातीसमोर आडवा पाइप, त्यावर घड्याळं रंगवायची.

माप घेताना ती म्हणाली, "कोट घालणार."

तिच्या दाराच्या मागे तिच्या वडिलांचा कामाचा कोट टांगलेला आहे. भगवा, चमकत्या पट्ट्यांचा, आत एवढं जाड अस्तर की दोन माणसं मावतील. मला वाईट वाटलं. पण काम ते काम. मी समजावलं, "मिस मार्लिस, कॅबमध्ये हीटर असतो. ड्रायव्हर कोट काढूनच बसतो. तुमच्या वडिलांनाही विचारलं असतं तर तेच म्हणाले असते."

"तुझ्या कॅबमध्ये हीटर आहे?"

विनोदी बाई आहे. मी कोट पुन्हा दारामागे टांगला.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज एक चूक वेळेत पकडली, आणि पकडली मीच.

व्हॅनमध्ये खुर्ची चढवली की चार पट्ट्यांचे आकडे खुर्चीच्या सळ्यांना अडकवावे लागतात, दोन पुढे, दोन मागे. ते अडकवल्याशिवाय गाडी हलवायची नाही. नियम असा की लिनेट त्यावरून माणूस काढून टाकते. आणि माझी कॅब नेमकी त्या सळ्यांवर बसते. म्हणजे घरून घालून न्यायचीच नाही. मिरवणूक निघते त्या मैदानात उतरल्यावर, उभ्या उभ्या चढवायची.

सगळे सांधे सुटे केले. पाइप पाइपात घुसतो, वर एक खिळा आडवा. सराव केला. आठच्या बातम्या संपेपर्यंत कॅब चढवून काढून पुन्हा चढवली. इफ्राह बघत होती. इफ्राह माझ्याबरोबर काम करते, सोमाली आहे, पण लहानपणापासून इथेच. ती हॅलोवीन पाळत नाही. म्हणते, आमच्यात नाही हे, पण काम म्हणून मिरवणुकीला येईन.

"छान आहे," ती म्हणाली. "पण घट्ट आहे."

"घट्ट नाही, मापात आहे."

"मोठी कर, टेरेल. चारी बाजूंनी हातभर."

"हातभर? मिस मार्लिस एवढ्या जाड आहेत असं म्हणायचंय तुला?"

मिस मार्लिस हसायला लागली. इफ्राहने तिच्याकडे बघितलं, तिने इफ्राहकडे. बायकांचं आपसात असतं काहीतरी. इफ्राह म्हणाली, "आमच्या शाळेत एक बॅटमॅन होता. दर वर्षी गरोदर दिसायचा." आणि निघून गेली. या बाईचं बोलणं मला कळत नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

आईचा फोन. भांडण नको म्हणून मी नांगराचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मग म्हणाली, "दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांचे लाड करतोस."

"म्हातारी नाहीत त्या. आणि आपल्या म्हाताऱ्याचे करायला गेलं तर तो चमचे मारतो."

"तुझ्याशी बोलतील का विचारू?"

आतून टीव्हीचा आवाज येत होता. पॉपॉने विचारलं, कोण आहे. आई म्हणाली, टेरेल. पॉपॉ म्हणाले, सांग, मी झोपलोय.

बीट काढायच्या कामावरून एका दोस्ताचा निरोप आहे. इथून दोन तासांवर, पैसे दुप्पट, माणसं कमी पडतायत, उद्या ये म्हणतो. एरवी मी आजच बॅग भरली असती. कळवलं की पंचवीसनंतर बघू.

इथले लोक आत्तापासून थंडी थंडी करतात. मला तर मस्त वाटतं. हिवाळ्याची नुसती हवा केलेली आहे यांनी.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

उद्या मिरवणूक.

संध्याकाळी घरात पूर्ण तालीम झाली. मिस मार्लिस पातळ बाह्यांच्या सदऱ्यात, भोवती माझी कॅब, वर दिवा लुकलुकतोय. दांडीवर तिचा हात बरोबर बसतो, कारण दरवाजाच्या आत मी कोपराएवढी खाच काढलेली आहे. खाचेला आतून स्पंज. ती बोळातून गेली, स्वयंपाकघरात वळली, परत आली. कुठे घासलं नाही. वाटेत कोणाची तरी चप्पल पडली होती, ती पात्याने सरळ उजवीकडे भिंतीला लावली.

लिनेट सुट्टीवर आहे, उद्या थेट मैदानात येणार. बघू दे तिला. भोपळ्यांची चारही पोती व्हॅनमध्ये टाकलीत, इतर तिघांना चालतात म्हणून. चौथं कशाला घेतलं म्हणून इफ्राहला विचारलं तर म्हणाली, "असू दे." तिने दारामागचा कोटही घडी करून व्हॅनमध्ये ठेवला. तो राहूदे, मांडीवर ठेवून घेतील.

झोपवताना मिस मार्लिस म्हणाली, "मिसिसिपी." मला ती हेच म्हणते. "उद्या करवत आण."

"करवत कशाला? एकही सांधा डळमळत नाहीये."

"आण."

हौस म्हणून हत्यारांच्या पेटीत टाकली.

२५ ऑक्टोबर, शनिवार

आज उठलो तर खिडकीबाहेर सगळं पांढरं.

सुरुवातीपासून लिहितो. मी जाकीट चढवून व्हॅन साफ करायला गेलो आणि आत परत आलो. नाकातले केस ताठ होतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पाणी गोठतं त्याच्याही बरंच खाली होतं आणि वारा होता. मला वाटलं मिरवणूक रद्द. इफ्राह म्हणाली, "रद्द? का?"

मैदानात पोहोचलो आणि मला सगळं एकदम दिसलं. शेकडो पोरं. चेटकिणी, वाघ, परी, सांगाडे, आणि एकूण एक गोल. सगळ्यांनी आधी जाड कोट घातलेला आणि पोशाख वरून ताणून चढवलेला. परीचे पंख कोटावर. सांगाड्याची हाडं फुगलेली. एक बॅटमॅन गेला, पोट हे एवढं पुढे. इफ्राह माझ्याकडे बघत नव्हती, मुद्दाम बघत नव्हती.

इथली पोरं दोन माप मोठा पोशाख घेतात. सगळ्यांना माहीत आहे. मला सोडून.

लिनेट कोटांचा ढीग घेऊन उभी होती. "कोट घातल्याशिवाय एकही खुर्ची व्हॅनमधून उतरणार नाही," म्हणाली. "आपण चालतो, अंग गरम राहतं. ते बसलेले असतात." 

मिस मार्लिसला आर्नेचा कोट चढवला. दोघांनी मिळून, एकेक बाही. मग उतरवली आणि मी कॅब चढवायला घेतली. आडवा पाइप छातीवर टेकला, पण खिळा भोकात जाईना. दरवाजा तर मिटेचना. जी खाच मी कोपराच्या मापाने काढली होती तिच्यात बाही अडकली, आणि हात दांडीपासून वीतभर लांब राहिला. मी ढकललं. तिचं तोंड वेडंवाकडं झालं, मी सोडलं. पुन्हा वेगळ्या बाजूने लावून बघितलं. पुढे बँड वाजायला लागला.

लिनेटने काही टोमणा मारला नाही. तिने चौथं पोतं झटकलं. "टेरेल, फार सुंदर काम केलं होतंस. पण यात सगळं मावतं. मी ते शिवलंच कोटाच्या मापाने."

वीस वर्षांच्या ज्या पोत्याला मी तीन आठवडे हसत होतो, ते पोतं माझ्यापेक्षा शहाणं निघालं. एवढ्या थंडीत माझे कान गरम झाले.

लिनेट पोतं घेऊन पुढे झाली. मिस मार्लिसचा हात पाटीपर्यंत पोहोचेना, बाही जाड. इफ्राहने बाही मागे दुमडून धरली. एकेक अक्षर. बँड निघाला, आगीचा बंब निघाला, आमचा नंबर त्यामागे होता.

"करवत," यंत्र म्हणालं.

मी बघत राहिलो.

"काप. कॅब नको. कोट आहे."

मला त्या क्षणी राग आला, खरं सांगतो. तीन आठवड्यांचं काम. मग मी पेटी उघडली. आडवा पाइप कापला, रंगवलेल्या घड्याळांसकट. दोन्ही दरवाजे सांध्यातून उपटले. मागची पाठ काढली. उरलं काय, तर मागच्या दोन पाइपांवर टप, टपावर सात नंबर आणि लुकलुकता दिवा, पुढे पातं. आणि मध्ये भगवा कोट, चमकत्या पट्ट्या, पाठीवर जिल्ह्याच्या रस्ते खात्याची अक्षरं. तो कोट कॅबपेक्षा नांगरासारखा दिसत होता. कापताना मला वाटलं काहीच राहणार नाही. लांबून बघितलं तर आत्ता कुठे गाडी झाली होती.

लिनेट म्हणाली, "पट्ट्यांच्या सळ्या?"

"मोकळ्या आहेत."

"दांडी?"

मिस मार्लिसने खुर्ची सरळ रस्त्यावर घातली. लिनेटच्या हातात पोतं तसंच राहिलं. नंतर तिने ते स्वतःच्या खांद्यावर शालीसारखं घेतलं. थंडी तिलाही होती.

आता गंमत. पुढच्या बंबावरून माणसं चॉकलेट फेकतात, दोन्ही बाजूंना बसलेल्या पोरांसाठी. पण नेम चुकून निम्मी रस्त्याच्या मधोमध पडतात, आणि पोरांना रस्त्यात यायची बंदी. मिस मार्लिस त्यांतून नांगर घेऊन गेली. पातळ बर्फ आणि त्यातली चॉकलेटं गोळा होऊन पात्यावरून घरंगळत उजव्या कडेला पोरांच्या पायाशी पडायला लागली. उजवीकडची पोरं वेडी झाली. डावीकडून ओरडा, "इकडे, इकडे." ती डावीकडे वळली नाही. नियम तो नियम.

डेपोचं फाटक आलं. सहासात माणसं, हातात कॉफी. मागून आमचे तीन भोपळे येत होते, त्यांना हात करायला एकाने सवयीने हात वर केला. तो तसाच राहिला. पांढऱ्या मिशांचा माणूस होता.

"हा आर्नेचा कोट आहे," तो शेजारच्याला म्हणाला. मग पुढे आला, वाकला नाही, ओरडला नाही. "तू मार्लिस का?"

ती थांबली. नांगर थांबला म्हणून भोपळे थांबले, भोपळ्यांमागची शाळा थांबली, शाळेमागे खात्याचा खरा नांगर येत होता तोही थांबला. इफ्राहने बाही धरली. तिने सावकाश दाबलं. आख्खी मिरवणूक अक्षरांची वाट बघत होती. लिनेटने एकदा घड्याळ बघितलं आणि हात खिशात घातला.

यंत्र म्हणालं, "सात नंबर. उजवी बाजू साफ केली. तुम्ही बाजूला व्हा."

मिशीवाल्याने टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. म्हणाला, "बापासारखीच बोलते." बाकीचे एवढे हसले की एकाची कॉफी सांडली. मागून खऱ्या नांगराने भोंगा वाजवला. त्याला उत्तर द्यायला माझ्या गाडीत भोंगा नव्हता, पुढच्या वर्षी घालतो.

रात्री ऑफिसच्या वहीत लिहिलं, 'मिरवणुकीला गेली. कोट घातला होता.'

२६ ऑक्टोबर, रविवार

हात फुटलेत. इफ्राहने काढलेला व्हिडिओ आईला पाठवला. खाली काही लिहिलं नाही.

दोस्ताला कळवलं, बीटला येत नाही. मिस मार्लिस विचारत होती, भोंगा कुठून आणणार.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

जेवायच्या वेळी फोन वाजला. नंबर आईचा, आवाज पॉपॉचा.

"ती बाई कोण?"

"मिस मार्लिस. मी इथे त्यांच्याकडे काम करतो."

"तिला कोणी ढकलत नव्हतं."

"नाही. खुर्ची त्या स्वतःच चालवतात."

"आणि तू मागून पाइपचे तुकडे काखेत मारून पळत होतास."

"हो."

"बावळट दिसत होतास." मग ते खोकल्यासारखं काहीतरी करायला लागले. मला वेळ लागला कळायला, ते हसत होते. "आधी जोडलंस, मग कापलंस. आधी मापून कापायचं, मग जोडायचं असतं ना रे ते?"

"इथे कोटावरून माप घेतात, पॉपॉ. मला माहीत नव्हतं."

"तिने सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं."

तिकडे टीव्ही चालू होता. कोणीतरी तो बारीक केला. पॉपॉ म्हणाले, "मला एक सांग. बुजगावण्याला पाय असतात का?"

"पँट असते. आत पेंढा."

"तेच म्हणतो मी. मोठी पोरं मला बुटांवरून ओळखायची. हे पॉपॉचेच बूट म्हणून दुरूनच हसायची, त्यांच्यातलं कोणी घाबरायचं नाही. आता पँटीत पेंढा भरला आणि खालून बाहेर लोंबत ठेवला, तर कोण म्हणेल आत माणूस आहे? पोरं पँट दाबून बघतील. बघूदेत. पेंढाच लागेल. खात्री पटली की घमेल्यात हात घालतील." पुन्हा ते खोकल्यासारखं. "खालची आळी हादरेल."

गोधडी माझ्या तोंडापर्यंत आली होती. थंडी असेल तर, असं काहीतरी. मी गिळली.

तरी तेच म्हणाले, "आणि तुझी ती गोधडी. तुझ्या आईने सांगितलंय मला. ती तूच पांघर, तुझ्याकडे बर्फ आहे."

"पेंढा कुठून आणणार?"

"शेजारचा देतोय. तू पेंढ्याचं बघू नकोस. घमेल्याचं बघ. दोन वर्षांची उपाशी पोरं आहेत." आणि फोन आईच्या हातात दिला, ठेवतो वगैरे काही म्हणाले नाहीत.

आई हळू आवाजात म्हणाली, "सकाळपासून जुना डगला शोधतायत. मी टाकून दिला असं सांगायची माझी हिंमत नाही. दुसरा बघते कुठेतरी."

"मोठा बघ. आतून कपडे मावतील असा."

"आता तू शिकव मला." मग म्हणाली, "पडवीचा दिवा उडालाय. दोन वर्षं लावलाच नाही, कळणार कसं."

"मागितले कोणी, म्हणत होतीस ना?"

"आता मागते."

कामावरून येताना पाठवून आलो. चॉकलेटचे दीडशे, दिव्याचे दहा. एकशे साठ डॉलर.